पहिल्या वेच्याचा हात

माहं माहेर घाटंजीच्या पलीकडं, सागाच्या जंगलाले लागून. घरचं वावर नव्हतं, पण दुसऱ्याच्या वावरात काम केल्याबिगर आमचा एक दिवस गेला नाही. माय कापूस वेचाले जाये, मी तिच्या मागं मागं, सात-आठ वर्षाची असन, अन् माय सांगे का बोंडात हात घालाचा तं असा घालाचा का बोंडाले कळलं नाही पाह्यजे. चारही पाकळ्यातला कापूस एका चिमटीत आला पाह्यजे, पान नको, कचरा नको, अन् बोंडाच्या टोकाले बोट लागाले नको, कारण वाळलं का ते टोक सुईवाणी होते. शाळा मले भेटली नाही. तुले चौथीवरी भेटली म्हणून तू लिहून राह्यली अन् मी सांगून राह्यली. तू चार बायात तोंड उघडत नाही, नंदा, पण तुह्या वहीचं मले माहीत हाय, अन् तू शीलाची मोठी जाऊ, एका घरात राहता, एका चुलीवर रांधता, म्हणून तुलेच सांगतो. शीलाचं शेवटी येईन. तिच्याचसाठी सांगून राह्यली समज.

लग्न होऊन मी इकडं दारव्ह्याच्या बाजूनं आली तवा माहा हात पाहून इथल्या बाया म्हणे, ही काय कापूस वेचते का फुलं तोडते. पण सांजच्याला वजन केलं का माहं गाठोडं सगळ्याइच्या वर. काय सांगू तुले, मले त्या हाताचा लय गर्व होता. दुसऱ्या कायचा करू, रूप नव्हतं, शिक्षण नव्हतं, दागिना म्हणशीन तं एक मणी. हात होते.

अन् मंग ते पहिल्या वेच्याचं सुरू झालं. पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही करतात, तुले माहीत हाय, पण लिहून ठेव, उद्याच्या पोराइले माहीत राहणार नाही. वावराच्या एका कोपऱ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी पाच गोटे मांडाचे, त्याइले कुंकू लावाचं, दहीभात ठेवाचा, तो वावरात चारीकडं शिंपडाचा अन् मंगच कापसाले हात लावाचा. आमच्या घरी देव्हारा नाही, बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटो हाय, म्हणून पूजेच्या वक्ताले मी दूर बांधावर उभी राहो. पण एका साली मालकिणीच्या बोटाले काटा रुतला होता, ती म्हणे कौसाबाई, आज तुम्हीच पहिलं बोंड वेचा. मी वेचलं. त्या साली त्या वावरात असा कापूस झाला का न्याले बैलबंड्या पुरल्या नाही. मंग दर साली निरोप येये, कौसाबाईले पाठवा. पूजा तिची, वेचा माहा. वीस वर्स असं चाललं, अन् एवढ्या वर्सात त्या घरात मी बसाले पाटावर बसली नसन, पण पहिलं बोंड माह्याच हाताचं. मी म्हणो हे सारं खोटं हाय, पीक पाण्यावर येते, हातावर नाही. म्हणो, अन् तरी त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून जावो.

मंग गुडघे गेले. मागच्या वर्षीचं सांगतो तुले, श्रावणातलं. निंदण करताना बसलं का उठता येये नाही, एक हात जमिनीवर, एक हात बाजूच्या बाईच्या खांद्यावर, असं उठाव लागे. बाया म्हणे, मावशी, तुम्हाले उठवाचीच वेगळी मजुरी द्या आम्हाले. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, पांढऱ्या, लांबट. दोन दिवसात असा फरक पडला का मी बांधावरून उडी मारली असती. गोळ्या सरल्या तं रिकामं पाकीट मेडिकलवाल्याले दाखवो, तो तसंच दुसरं दे. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. सकाळी एक, सांजच्याला एक, अन् निंदणाचा जोर असला तं दुपारी एक. पाकीट मी पदराच्या गाठीत बांधून ठेवो. वावरात कोणाची कंबर दुखली, कोणाचं डोकं दुखलं का हाक येये, मावशी, तुही गाठ सोड. मी पेपरमिंटवाणी वाटल्या त्या गोळ्या. शीलालेही पहिली गोळी मीच देल्ली. तिची कंबर बाळंतपणानंतर धरली होती ना, रडत रडत निंदणाचं तास, आपली ओळ, धरे ती. मीच म्हटलं, घे वं, कायले रडतं.

माहा नवरा, आमचा बुढा, म्हणे, एवढ्या गोळ्या खाऊ नको, पोट जळन, मी बिबा लावून देतो. त्याचा बिब्यावर भारी विश्वास. चुलीवर बिबा गरम केला, सुईच्या टोकानं दोन्ही गुडघ्याले ठिपके देल्ले. मी म्हटलं, हळू, मी बैल नाही. बिबा लावला, पण गोळीही सोडली नाही, त्याले काय सांगाचं, पदरातच होती.

आठ-दहा दिवस झाले असन, उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या वरतं एक फोड आला. ज्वारीच्या दाण्याएवढा. मले वाटलं भाकरीची वाफ लागली. दुसऱ्या दिवशी बोराएवढा झाला अन् त्याच्या बाजूले दुसरा. पाणी भरलेला, दुखे नाही लय, आग होये. मंग डाव्या हाताले. बुढ्यानं पाह्यलं अन् त्याचं तोंड उतरलं, म्हणे बिबा उतला. सगळ्याइनं तेच म्हटलं. बिबा उतला का अंगावर फोड येतात हे आपल्याइकडं लेकरालेही माहीत हाय. मंग तीळ खाल्ले, सुकं खोबरं खाल्लं, खोबऱ्याचं तेल लावलं. बाया वावरात बुढ्याले चिडवे, काय मामा, मावशीचे गुडघे राह्यले बाजूले अन् हात जाळले, जेवाले कोण देईन आता. तो बिचारा बकऱ्या घेऊन दूरच्या रस्त्यानं जाये. मीही त्याले लय बोलली. आता वाईट वाटते. त्याची चूक नव्हती. पण गुडघ्याले लावलेला बिबा गुडघ्याले नाही उतला अन् हातालेच कसा उतला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माह्याही नाही. हात दुखे तवा मी आणखीन एक गोळी खावो.

भादव्याचं ऊन तुले माहीत हाय, पावसाची उघाड झाली का चटकाच देते. आम्ही वावरात बुढ्याचे जुने सदरे घालतो लुगड्यावरून, पण बाह्या मी वर चढवो, हात मोकळा लागे मले. तिळाचा महिना झाला, खोबऱ्याचा महिना झाला, फोड जाये नाही. एक फुटला का दोन येये. अन् कातडी अशी झाली, काय सांगू, उकडलेल्या बटाट्याच्या सालावाणी. बादलीची कडी घासली, कातडी निघाली. दोर सोडली, कातडी निघाली. एक दिवस तं नुसती बांगडी मागं सारली अन् बांगडीसंग कातडी गेली, अन् दुखलंही नाही पटकन, तेच जास्त भेव वाटलं. आपलं अंग आपल्याले सोडून राह्यलं अन् आपल्याले कळून नाही राह्यलं.

अन् त्यातच सीतादहीचा निरोप आला.

जाऊ नको, बुढा म्हणे. मी म्हटलं, वीस वर्स गेली, आता काहून नाही जाऊ. हाताले हळद लावली, सदऱ्याच्या बाह्या बोटापर्यंत ओढल्या. पूजा झाली, दहीभात शिंपडला, मालकीण म्हणे, या कौसाबाई. मी पुढं झाली. बाही आडवी येये म्हणून वर केली. बोंड चांगलं उमललेलं होतं, पांढरंफेक. मी चिमट घातली अन् बोंडाचं टोक हाताच्या पाठीले नुसतं टेकलं, नुसतं टेकलं वं, ओरखडाही नाही म्हणता येत, अन् दोन बोटं रुंद कातडी गोळा झाली. कापूस माह्या हातात, अन् कापसावर लाल.

 शीला माह्या बाजूले होती, तिनं आपला पदर फाडला अन् माह्या हाताले गुंडाळला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मालकिणीनं तो कापूस टोपल्यात टाकू देल्ला नाही. बांधावर ठेवला, त्याच्यावर गोटा ठेवला. मंग दुसऱ्या बाईले म्हणे, तू सुरू कर.

आठ दिवसानं पाणी आलं. फुटलेल्या कापसावर पाणी. तीन दिवस. सारं वावर काळं पडलं, बोंडात सरकीले कोंब आले. आता पाणी काय एका वावरात पडलं का, सगळ्या तालुक्यात पडलं. पण गावात एकच गोष्ट. मालकिणीनं मले एका शब्दानं दुखवलं नाही, उलट गहू पाठवले. ते गहू पाहून मले जास्त भेव वाटलं.

मंग हळूहळू सुरू झालं. कोण म्हणे फवारणीचं औषध अंगात गेलं. कोण म्हणे महारोग हाय, माह्यासमोर नाही, पण पाण्याच्या बाटलीवरून कळे. पहिले माही बाटली साऱ्याइच्या तोंडाले लागे, मंग ती दिवसभर भरलेलीच राहे. मी सांजच्याला ते पाणी बांधावर ओतो अन् घरी येवो. एक बाई म्हणे, मावशी, कोणाची नजर हाय, कोणी काही केलं असन, पुसदकडं एक बुवा हाय. मी म्हटलं, आमच्यात हे नसते. म्हटलं खरं. पण दुपारी सावलीत एकटी बसली का हाताकडं पाहो अन् वाटे, तो गोट्याखालचा कापूस अजून तिथंच असन का. शिकलेलं सारं डोक्यात असते, नंदा, अन् भेव पोटात असते.

अन् गोळीवर कोणाचाच सौंशय गेला नाही, कारण पाच बाया तीच गोळी खाये. पाचाइचे हात बरे. मंग गोळीचं नाव कोण घेईन?

पोरगा पुसदले मिस्त्रीकाम करते, तो आला, त्यानं हात पाह्यले अन् दुसऱ्याच दिवशी काळीपिवळी जीपमंधी बसवून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कातडीच्या खोलीत एक डॉक्टरीण होती, लेकीच्या वयाची. तिनं हात हातात घेतला. किती महिन्यानं कोणीतरी हात हातात घेतला, मले तिथंच रडू आलं. तिनं सारं विचारलं. महारोग नाही म्हणे, ते पहिलेच सांगून टाकलं. मंग म्हणे, मावशी, तुम्ही कोणती औषधं घेता? मी म्हटलं, कोणतीच नाही. बीपी? नाही. शुगर? नाही. काहीच औषध नाही? मी म्हटलं, बाई, मी आजारीच नाही तं औषध कायले घेऊ.

खोटं नाही बोलली मी. गुडघ्याची गोळी मले कधी औषध वाटलीच नाही. औषध म्हणजे ताप आला, खोकला आला, त्याचं. गुडघे दुखणं हे काय आजार हाय का, ते तं वय हाय. चहा पेतो तशी गोळी खातो. तिनं लघवी तपासाले मागितली, अन् बाटलीले काळा कागद गुंडाळून देल्ला, म्हणे याले ऊन लागू देऊ नका. मी पोराकडं पाह्यलं. आता लघवीलेही ऊन नको, असं कायचं दुखणं झालं मले. घरी येऊन दोन रात्री मले झोप नाही. अन् गोळ्या चालूच.

दुसऱ्या खेपेले बसली, तिनं मागची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी पदराच्या गाठीत. मी गाठ सोडली, चिठ्ठी निघाली अन् तिच्यासंग पाकीट टेबलावर पडलं. तिनं उचललं, उलटून पाह्यलं. हे काय आहे मावशी? मी म्हटलं, ते काही नाही, गुडघ्याची गोळी हाय. किती दिवसापासून घेता? श्रावणापासून. रोज किती? दोन, कधी तीन. ती खुर्चीत मागं टेकली. मंग पोराले म्हणे, दादा, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं ना. पोरगा म्हणे, मलेच माहीत नव्हतं.

तिनं मले समजाऊन सांगतलं, लेकराले सांगते तसं. गोळी विष नाही म्हणे. लाख लोक खातात, त्याइले काही होत नाही. पण एखाद्याच्या अंगात ती गोळी गेली का त्याची कातडी उन्हाले कच्ची होते. गोळी आतून, ऊन बाहेरून, अन् जिथं ऊन जास्त पडते तिथं दोघं भेटतात. तुमच्या हाताच्या पाठीवर भेटले. लघवीत दुसरा रोग निघाला नाही, तो निघाला असता तं गोष्ट वेगळी होती. आता गोळी बंद, ऊन बंद. मी म्हटलं, गोळी करतो बंद. ऊन कसं करू?

फोड जाले चार महिने लागले. गोळी बंद केल्यावरही नवे येये, कमी, पण येये. आता पाय तसा, बस म्हटलं का बसत नाही, उठ म्हटलं का उठत नाही. हात वाचले अन् गुडघे गेले. हातावर हे पाह्य डाग, अन् हे मोहरीवाणी पांढरे दाणे, हे राहतीन म्हणे काही दिवस. पोरानं हातमोजे आणले, त्यानं बोंडातला कापूस चिमटीत येत नाही, मोजाच बोंडाले अडकते.

वावरात जाऊन बायाइले मी सांगतलं, त्या गोळ्या बंद करा. त्या म्हणे, मावशी, तुले नाही मानवली, आम्हाले मानवली. ते खरंच होतं, डॉक्टरीणही तेच म्हणे. मंग मी काय भांडू. एकीनं मात्र त्या दिवशी माह्या बाटलीचं पाणी पेलं.

आता यंदाचं. तू घरीच होती, लेकरू आजारी होतं तुहं. मालकीण स्वतः आली माह्या दाराशी. म्हणे, कौसाबाई, तुम्ही सावलीत बसा, तुम्हाले उन्हाचा त्रास, यंदा पहिलं बोंड शीलाच्या हातानं वेचू. गोडच बोलली. मी म्हटलं, चांगलं हाय. अन् चांगलंच हाय, शीलाहून चांगला हात त्या वावरात कोणाचा नाही, मीच शिकवला तिले. मी बांधावरच्या कडुनिंबाखाली बसली. दहीभात शिंपडला, शीला पुढं झाली, बाही वर केली माह्याचवाणी, अन् असं वेचलं बोंड का बोंडाले कळलं नाही. साऱ्या बाया हसल्या. मलेही बरं वाटलं, खोटं कायले सांगू. अन् वाईटही वाटलं.

मंग ती पळत पळत माह्याकडं आली, पहिला दहीभात मले द्याले. हात पुढं केला. उजवा. अंगठ्याच्या वरतं, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मी म्हटलं, शीले, हे काय? ती म्हणे, भाकरीची वाफ लागली. मी म्हटलं, गोळी खातं का अजून? ती हसली, म्हणे मावशी, तुहीच तं देण हाय, त्याच्याबिगर तास धरता येते का. मी म्हटलं, बंद कर. आजच बंद कर, अन् यवतमाळले जाय, अन् पाकीट संग ने. तिचं हसू गेलं. माह्याकडं पाह्यलं, मंग वावराकडं पाह्यलं, अन् म्हणे, मावशी, तुहा मान गेला त्याचं मलेही वाईट वाटते, मी नाही मागितला. दहीभात माह्या हातावर ठेवला अन् गेली.

तिचं चुकलं नाही. तिच्या जागी मी असती तं मलेही तेच वाटलं असतं. आता मी दुसऱ्या खेपेनं बोलली तं म्हणतीन बुढीचं पोट दुखून राह्यलं. मालकिणीले सांगू तं ती पोरीले उद्यापासून बोलावणार नाही, अन् गोटा तयारच असते बांधावर. डॉक्टरीण म्हणे एखाद्यालेच होते, मंग एका वावरात दोघी कशा होतीन, मी रोज मनाले तेच समजावतो. वाफ असन. वाफच असन. पण भाकरी आपण आयुष्यभर थापली, नंदा, वाफ बोटाच्या टोकाले लागते, अंगठ्याच्या वरतं नाही.

तू तिच्या घरची हाय. तुहं ती ऐकन, कारण तू कधी काही बोलत नाही. भाकरी थापताना तिचा हात पाहत जा. दुसरा फोड आला का माहं नाव घेऊ नको, तुहंच म्हणून सांग, अन् तिच्या पदराची गाठ तूच सोड. मी आता इथंच बसलेली असतो दारात, ऊन पायरीवर आलं का आत सरकतो, उतरलं का बाहेर येतो, दिवस असा जाते. पोरीच्या हातात वीस नाही, चाळीस वर्स पहिलं बोंड राहो. अन् मी जे आज तुले सांगतलं ते सारं खोटं निघो, गावानं मले कुचकी बुढी म्हणो, चालते मले.